सामन्यांचा कायदा मोबाइलपर्यंत न्या



भारतीय संघाचे सामने सामान्य माणसाला फुकट पाहता यावेत यासाठी या देशात कायदा आहे, हे बहुतेकांच्या गावीही नाही. २००७ साली संसदेने केलेल्या या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचा सामना दाखवणाऱ्या वाहिनीला त्याचे थेट चित्रण, स्वतःच्या जाहिराती वगळून, प्रसार भारतीला द्यावेच लागते. त्यावर दूरदर्शनला मिळणाऱ्या जाहिरात उत्पन्नातला किमान ७५ टक्के वाटा पुन्हा हक्कधारकाकडेच जातो. पण हा कायदा दूरदर्शनचे टॉवर आणि डीडी फ्री डिश एवढेच ओळखतो. त्यातले टॉवर २०२२ पर्यंत मोजके सोडून बंद झाले. उरली डिश. मोबाइल या कायद्यात नाहीच.

आणि सामना आज बघितला जातो तो मोबाइलवर. पुण्या-मुंबईत खोली करून राहणारी मुले, एमआयडीसीतले कामगार, रात्रपाळीचे सुरक्षारक्षक, ट्रकचालक यांनी डिश लावायची कुठे? त्यांच्यासाठी कायदा असून नसल्यासारखा आहे.

२०२२ हे एकच वर्ष घ्या. मायदेशातल्या मालिका आणि टी-ट्वेंटी विश्वचषक हॉटस्टारवर, आयर्लंड, इंग्लंड आणि झिम्बाब्वेचे दौरे सोनी लिव्हवर, वेस्ट इंडिजचा फॅनकोडवर, न्यूझीलंडचा प्राइम व्हिडिओवर. संघ एक, ॲप चार! फुटबॉलवेड्या आमच्या कोल्हापुरात तर प्रीमियर लीग एकीकडे आणि चॅम्पियन्स लीग दुसरीकडे, हे पोरांच्या अंगवळणी पडले आहे.

पुढे २०२३ मध्ये आयपीएल जिओसिनेमावर फुकट दिसली आणि एकदिवसीय विश्वचषक हॉटस्टारने मोबाइलवर फुकट दाखवला. दोन कंपन्यांत चुरस होती, म्हणून हे घडले. २०२४ च्या नोव्हेंबरात त्यांचे विलीनीकरण झाले आणि दोन्ही ॲप एकत्र करून आलेल्या जिओहॉटस्टारवर २०२५ ची आयपीएल पूर्ण पाहायला वर्गणी लागली. सर्वांत स्वस्त पॅक तीन महिन्यांना १४९ रुपये, तोही फक्त मोबाइलपुरता. ही रक्कम जड नाही, असे म्हणणारे भेटतात. एका पॅकपुरते ते खरे आहे. पण त्याच वर्षी सप्टेंबरातला आशिया चषक सोनी लिव्हवर आणि लगेच पुढच्या महिन्यातला ऑस्ट्रेलिया दौरा जिओहॉटस्टारवर होता. शिवाय मोबाइलच्या पॅकवर घरातल्या चौघांनी टीव्हीसमोर बसून सामना पाहता येत नाही.

कंपन्यांनी हक्कांसाठी प्रचंड पैसा मोजला आहे, हे मान्य. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले. पण मी आयपीएल फुकट मागतच नाही. ती खासगी संघांची स्पर्धा आहे, तिचा व्यापार खुशाल चालू द्या. देशाच्या नावाने खेळणाऱ्या संघाची गोष्ट वेगळी आहे.

इंटरनेट म्हणजे दूरदर्शन नव्हे, असाही युक्तिवाद होतो. तो मला पटत नाही. प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट प्रक्षेपणाच्याच खटल्यात बजावले होते. मोबाइलवर सामना पोहोचवणारा स्पेक्ट्रम हीदेखील जनतेचीच मालमत्ता, सरकारने लिलावात वापरायला दिलेली. ब्रिटनमध्येही महत्त्वाच्या क्रीडास्पर्धा सर्वांना फुकट पाहता याव्यात म्हणून राखीव यादी आहे आणि २०२४ च्या मीडिया कायद्याने तिचे नियम इंटरनेटवरच्या सेवांनाही लागू केले. आपल्याला कोणी अडवले आहे?

प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे ॲप २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात सुरू झाले. म्हणजे यंत्रणा हाताशी आहे. २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्रण ‘वेव्हज’लाही देणे बंधनकारक करावे, उत्पन्नाची वाटणी हवी तर आहे तीच ठेवावी. राज्यातल्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, हा प्रश्न येत्या अधिवेशनात लावून धरावा.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, कोल्हापूर