शब्दांची परीक्षानळी : टंच, तेजाब आणि धूर

ऊद मेथाहून खाडी ओलांडून गोल्ड सूकमध्ये गेलो की आपण '२२ कॅरट' मागतो. हा शब्द अरबी 'किरात'वरून आलेला. आपले सांगलीकडचे गलाईवाले त्याच सोन्याला '९१.६ टंच' म्हणतील : शंभर भागांत ९१.६ भाग शुद्ध.

खानापूर-आटपाडी भागातली ही माणसे देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळतात. सोने वेगळे काढायचे तर त्यात आधी साधारण तिप्पट चांदी वितळवून मिसळायची, मग ते 'तेजाबा'त उकळायचे. चांदी विरघळते, सोने तळाशी उरते. तेजाब म्हणजे इथे नायट्रिक आम्ल. शब्द फारसी, अर्थ 'तीव्र पाणी'. युरोपातले किमयागारही याच आम्लाला लॅटिनमध्ये 'जोरदार पाणी'च म्हणत. (आम्ही पीएच.डी. करून एचएनओथ्री म्हणतो, एवढेच!)

टंच दशांशापर्यंत मोजतात. पण भांड्यातून उठणारी तांबूस वाफ म्हणजे नुसता 'धूर'. तो नायट्रोजन डायऑक्साइड. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात, माणूस बाहेर पळतो. याचा ठसका किरकोळ वाटतो, आणि काही तासांनी फुफ्फुसांत पाणी भरू शकते. तोवर माणूस घरी जाऊन झोपलेला असतो.

गावाकडचे कोणी गलाईत असेल तर पुढच्या फोनवर एवढे सांगा : तांबूस वाफ छातीत गेली तर बरे वाटत असले तरी लगेच डॉक्टरकडे जायचे, आणि तिथे 'धूर' न म्हणता 'नायट्रिक आम्लाचा वायू' म्हणायचे.