आखूड हातांचे मुष्टियोद्धे आणि प्रशिक्षकांची जबाबदारी

मुष्टियुद्धात हातांचा पल्ला, म्हणजे दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत आडवे पसरल्यावर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत भरणारे अंतर, खेळाडूच्या नोंदीत उंची आणि वजनाच्या शेजारी लिहिले जाते, आणि ज्याचा पल्ला कमी त्याच्याविषयी प्रशिक्षकाचे मत बहुधा तेथेच ठरून जाते. वास्तविक या मोजमापात खांद्यांची रुंदीही धरलेली असल्याने सारखा पल्ला असलेल्या दोघांच्या हातांची लांबी वेगळी असू शकते. त्याहून महत्त्वाचे असे की, हा आकडा खेळाडूने कोणत्या अंतरावरून लढावे याचा अंदाज देतो; त्याची पात्रता त्यावरून ठरवणे अन्यायाचे आहे.

जागतिक हेवीवेट विजेत्यांत रॉकी मार्सियानो यांचा पल्ला जेमतेम ६८ इंचांच्या आसपास होता, तरी व्यावसायिक कारकिर्दीतील ४९ पैकी ४९ लढती त्यांनी जिंकल्या. त्यांचे प्रशिक्षक चार्ली गोल्डमन यांनी या ठेंगण्या, आखूड हातांच्या शिष्याला ताठ उभे करण्याच्या फंदात न पडता आणखी खाली वाकायला लावले, जेणेकरून प्रतिस्पर्ध्याचे ठोसे डोक्यावरून जावेत आणि मार्सियानो यांना त्याच्या छातीपाशी पोचता यावे. तेथे आखूड हाताचा फायदा सुरू होतो, कारण हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने फिरवलेला ठोसा, कमी जागेत पूर्ण ताकदीने बसतो, तर लांब हाताला ठोसा उलगडण्यापुरतीही जागा उरत नाही. १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉट यांच्याविरुद्ध गुणांत मागे पडलेल्या मार्सियानो यांनी तेराव्या फेरीत ज्या उजव्या ठोशाने विजेतेपद मिळवले, त्याने कापलेले अंतर फारच थोडे होते.

त्या लढतीला १५ फेऱ्यांचा अवकाश होता, हौशी स्पर्धेत तीनच फेऱ्या असतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु जो फ्रेझियर यांनी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील सुवर्णपदक तीन फेऱ्यांच्याच लढतींतून मिळवले होते. पुढे ८ मार्च १९७१ रोजी ७३ इंच पल्ल्याचे फ्रेझियर ७८ इंच पल्ल्याच्या मुहम्मद अली यांच्यासमोर उभे राहिले, तेव्हा गुडघ्यांतून खाली-वर होत आणि कमरेतून डोलत डोके सतत हलते ठेवण्याच्या पद्धतीने, ज्याला बॉब अँड वीव्ह म्हणतात, त्यांनी मधले अंतर पुन्हा पुन्हा ओलांडले. अपरकट, म्हणजे खालून हनुवटीकडे जाणारा ठोसा, मारताना अली यांचा उजवा हात खाली येतो हे फ्रेझियर यांच्या गोटातील प्रशिक्षक एडी फच यांनी आधीच हेरले होते. पंधराव्या फेरीत डाव्या हुकने अली यांना खाली पाडून फ्रेझियर यांनी ती लढत जिंकली. त्या यशात धैर्याइतकाच निरीक्षणाचा वाटा होता. भारताच्या, ४८ किलो व त्याखालील गटांत जगज्जेत्या ठरलेल्या मेरी कोम यांनी २०१२ मध्ये लंडनला ५१ किलो गटात, आपल्याहून उंच स्पर्धकांमध्ये, कांस्यपदक मिळवले ते पायांच्या चपळ आत-बाहेर हालचालींच्या बळावर.

माइक टायसन यांचे उदाहरण मात्र प्रशिक्षकांनी विशेष काळजीने अभ्यासावे. ७१ इंच पल्ल्याच्या टायसन यांना कस डमाटो यांनी हात गालांशी ठेवून, डोके हलवत, जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या, आत शिरायला शिकवले होते आणि १९८६ मध्ये त्यांनी आपल्याहून लांब हातांच्या ट्रेव्हर बर्बिक यांना दुसऱ्याच फेरीत हरवले. १९८८ मध्ये डमाटो यांचे शिष्य केव्हिन रूनी यांना टायसन यांच्या प्रशिक्षकपदावरून दूर करण्यात आले, डोक्याची हालचाल मंदावली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लस यांचा जॅब टायसन यांना सतत अडवत राहिला. दहाव्या फेरीत ते पराभूत झाले. पल्ला पूर्वीइतकाच होता, आत शिरण्याची शिस्त तेवढी सुटली होती.

या शैलीची किंमतही मोठी आहे. आत शिरणाऱ्याला वाटेत ठोसे खावे लागतात, आणि १९७३ मध्ये किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमन यांनी फ्रेझियर यांना दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले हे विसरता येत नाही. म्हणून आखूड हातांच्या कोवळ्या खेळाडूला सरावात लांब हातांच्या भिडूसमोर रोज सोडून देणे ही क्रूरता आहे. आधी केवळ जॅब चुकवून, एकही ठोसा न मारता आत पोचण्याचा सराव द्यावा, डोक्याला मार बसणाऱ्या फेऱ्या मोजून ठेवाव्यात आणि त्या वाढू लागताच पूर्ण जोराचा सराव थांबवावा.