एक बाटली की तीन?

एचआयव्हीवर हल्ली बहुतेकांना रोज एकच गोळी घ्यावी लागते. ‘टीएलडी’ तिचे नाव. टेनोफोव्हिर, लॅमिवुडिन आणि डोलुटेग्राव्हिर ही तिन्ही औषधे तिच्यात एकत्र असतात. एका बाटलीत तीस गोळ्या. रुग्णाला एका वेळी एक बाटली द्यावी की तीन, हा प्रश्न वरवर गोदामाचा वाटतो. पण विषाणू औषधाला जुमानेनासा होईल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरते.

दरमहा बोलावण्याच्या बाजूने बोलणारे काही हेकेखोर नाहीत. रुग्ण समोर आला की उरलेल्या गोळ्या मोजता येतात, वजन घेता येते, खोकल्याची चौकशी होते. क्षयरोग निघाला आणि रिफाम्पिसिन सुरू झाले, तर डोलुटेग्राव्हिरची जादा गोळी द्यावी लागते, कारण रिफाम्पिसिनमुळे रक्तातले त्याचे प्रमाण घटते. गरोदर बाईने लोहाची गोळी उपाशीपोटी याच गोळीसोबत घेतली, तर औषध अंगी लागत नाही. धान निघाल्यावर तीन बाटल्या घेऊन हैदराबादच्या बांधकामावर गेलेल्या मजुराला हे कोण सांगणार?

जुना अनुभवही त्यांच्याच बाजूने साक्ष देतो. एप्रिल २००४ मध्ये सरकारी केंद्रांतून मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा भिस्त नेव्हिरापिन आणि एफाविरेन्झवर होती. गोळ्या अचानक थांबल्या की सोबतची औषधे रक्तातून लवकर जात आणि ही दोन एकटीच रेंगाळत. विषाणूला तेवढी फट पुरे होई. एकाच जनुकीय बदलाने दोन्ही औषधे निकामी होत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये डोलुटेग्राव्हिरला पहिली पसंती दिली. हे औषध चिवट आहे, अभेद्य नाही. संघटनेच्या २०२४ च्या अहवालात काही देशांतल्या पाहण्यांत त्याला ३.९ ते ८.६ टक्के प्रतिरोध आढळला; रक्तात विषाणू भरपूर असतानाच या औषधावर आणलेल्यांत तो १९.६ टक्क्यांपर्यंत गेला.

आता दुसरी बाजू. देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या टोकाच्या गावातून औषधासाठी गोंदियाच्या उपचार केंद्रात यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. ऐन रोवणीत बाई घरी काय कारण सांगणार? एसटीने एचआयव्हीबाधितांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास दिला, चांगलेच केले. पण ही सवलत घ्यायची तर ओळखपत्र वाहकापुढे धरावे लागते, आणि मागच्या बाकावर गावचेच कोणी बसलेले असते. तिकीट काढून जाणारे मग जातात, बाकीचे खेप टाळतात. शिस्तीसाठी ठेवलेली खेपच अशी गोळ्यांत खंड पाडते.

अर्थात तीन बाटल्या द्यायला आधी साठा हवा. २०२२ मध्ये देशात तुटवडा पडला आणि रुग्णांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) कार्यालयापुढे धरणे धरावे लागले. अशा वेळी गोळी चुकल्याचा दोष रुग्णाच्या नावावर टाकणे हा निव्वळ निलाजरेपणा.

गोंदियातच प्रतिरोध चाचणीची सोय करावी, अशीही मागणी करता येईल. आम्हाला ती घाईची वाटते. डोलुटेग्राव्हिर घेणाऱ्याचा विषाणूभार, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, वाढला, तर बहुतेकदा गोळ्याच नीट पोटात गेलेल्या नसतात. अशाला लगेच दुसऱ्या फळीच्या महागड्या औषधांवर ढकलून हाती काही लागत नाही. वर्षातून एकदा विषाणूभार मोजावा. तो मिलिलिटरमागे हजारावर असेल तर तीन महिने नेटाने समुपदेशन करून पुन्हा मोजावा. तरीही उतरला नाही, तर मात्र नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जनुकीय चाचणीला पाठवलाच पाहिजे; तिथे खर्चाकडे पाहू नये.

तेव्हा सरसकट एकच नियम नको. ज्यांचा विषाणूभार दबलेला आहे, त्यांना तीन बाटल्या द्या, परगावी जाणाऱ्यांना तर आवर्जून. ज्यांचा हजारावर आहे, त्यांना दरमहा बोलवा आणि बसभाडे रोख त्यांच्या हातात ठेवा.