मे महिन्यासाठी राखलेली ताकद

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. गाडी सर्व्हिसिंगला गेली की मेकॅनिक त्यातच स्कॅनर लावतो. रिमॅप करून, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून, ताकद वाढवून देणाराही आपली केबल तिथेच जोडतो आणि तिचे दुसरे टोक लॅपटॉपला लावतो. बॅटरीला चार्जर लावून ठेवलेला असतो, कारण नवी फाइल भरताना व्होल्टेज पडले तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, तिथेच बंद पडू शकतो. पुष्कळदा समोरचा माणूस फाइल स्वतः बनवतही नाही. गाडीतली मूळ फाइल वाचून तो इंटरनेटवरून दुसऱ्या शहरात पाठवतो, तिथे आकडे बदलले जातात आणि बदललेली फाइल परत येऊन गाडीत जाते. बॉनेटखालचा एक बोल्टही हललेला नसतो. मालक महामार्गावर फेरी मारून येतो आणि दार उघडता उघडता म्हणतो, "काय पळस भो गाडी आते!"

तो खोटे बोलत नाही. गाडी खरोखरच पळते.

खान्देशात डिझेल गाडीचे प्रेम जुने आहे आणि त्यामागे हिशेब आहे. जळगावहून सुरत, धुळ्याहून इंदूर किंवा मुंबई, रावेर-यावलहून केळीच्या व्यवहारासाठी चारी दिशांना जाणे. पल्ले लांब, माणसे जास्त, सामान त्याहून जास्त. अशा वापराला डिझेलचा ॲव्हरेज आणि ओढ दोन्ही मानवतात. म्हणून मारुतीने 1 एप्रिल 2020 पासून, धुराचे बीएस-6 नियम लागू होताना, डिझेल गाड्या बंद केल्या तरी जुन्या स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा इथे अजून मान राखून आहेत. बोलेरो आणि स्कॉर्पिओ तर घरच्याच. आता नवे डिझेल परवडत नाही, तर जुन्यालाच जोर आणावा, हा विचार तरुणांच्या डोक्यात येणे स्वाभाविक आहे.

जोर येतो कुठून, हे मात्र समजून घ्यायला हवे. स्विफ्टमध्ये 2007 साली आलेले 1248 सीसीचे इंजिन मूळ फियाटच्या रचनेचे. हेच इंजिन पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावलाही तयार होत असे आणि टाटाच्या गाड्यांतही बसत असे. स्विफ्टमध्ये त्याची ताकद 75 पीएस आणि टॉर्क 190 न्यूटन मीटर. रिमॅपवाले साधारण वीस ते पंचवीस टक्के वाढ सांगतात, म्हणजे 90 पीएसच्या पुढे. त्यासाठी प्रत्येक फवाऱ्यात थोडे जास्त डिझेल सोडायचे, रेलचा दाब चढवायचा, टर्बोला जास्त हवा दाबायला लावायची आणि कंपनीने घातलेली टॉर्कची मर्यादा वर सरकवायची.

"कंपनीने ताकद दाबून ठेवलेली असते, आम्ही ती मोकळी करतो," हे या धंद्यातले नेहमीचे वाक्य. त्यात अर्धे सत्य आहे. चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनमध्ये एकच 2.2 लिटरचे डिझेल इंजिन खालच्या मॉडेलला 132 पीएस देते आणि वरच्याला 175. मारुतीनेही ते 1248 सीसीचे इंजिन अर्टिगात 90 पीएसचे करून दिले होते, पण नुसते आकडे बदलून नाही. त्याला पात्यांचा कोन बदलणारा वेगळा टर्बो बसवला होता. कंपनी ताकद वाढवते तेव्हा सोबत लोखंडही बदलते. लॅपटॉप ते करू शकत नाही.

उरलेले अर्धे सत्य असे की कंपनीने मागे ठेवलेली ताकद वाया गेलेली नसते. ती राखीव असते: उशिरा बदललेल्या ऑइलसाठी, धुळीने भरलेल्या एअर फिल्टरसाठी, पाच जणांच्या गाडीत बसलेल्या आठ जणांसाठी आणि उन्हासाठी. खान्देशात हे शेवटचे कारण सर्वांत मोठे. जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो. 45 अंशांची हवा 25 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. तेवढा प्राणवायू इंजिनाला कमी मिळतो आणि तेवढीच हवा भरायला टर्बोला जास्त राबावे लागते. टर्बोने दाबलेली हवा तापते. तिला थंड करणारा इंटरकूलर बाहेरच्या हवेवरच चालतो, त्यामुळे बाहेर 45 असताना तो तिला 45 च्या खाली कधीच आणू शकत नाही. अशा हवेत डिझेल वाढवले तर ते पुरते जळत नाही. काळा धूर निघतो आणि एक्झॉस्टची उष्णता चढते. मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरणाऱ्या टर्बोला आणि पिस्टनच्या माथ्याला ती सोसावी लागते.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणारी अर्टिगा डोळ्यांपुढे आणावी. माणसे सात, टपावर बोजा, एसी चालू, दुपारचे दोन. पुढे ट्रक, त्यामुळे वेग कमी आणि रेडिएटरला वारा नाही. अशा वेळी कंपनीची मूळ फाइल गुपचूप डिझेल कमी करते आणि इंजिन वाचवते. ड्रायव्हरला वाटते, गाडी उचलत नाही. तापमान पाहून हात आखडता घेणारे नेमके हेच आकडे घाईने बनवलेल्या फाइलमध्ये ढिले केलेले असू शकतात. ती फाइल बनवणाऱ्याने भुसावळची दुपार पाहिलेली असेलच असे नाही.

हा मोह नवा नाही. संगणक येण्याआधी ट्रक आणि ट्रॅक्टरचे पंप वाढवून घेतले जात. पंपाचा स्क्रू थोडा फिरवला की डिझेल जास्त जाई, चढाला ओढ येई आणि सायलेन्सरमधून काळा लोट निघे. पुष्कळ जण त्या धुरालाच ताकदीची खूण समजत. प्रत्यक्षात तो न जळलेल्या डिझेलचा, म्हणजे मालकाच्याच पैशांचा धूर होता. पण त्या काळची इंजिने अवजड आणि सोशिक होती आणि वाढवलेला स्क्रू पुन्हा आवळता येई. आजच्या कॉमन रेल इंजिनात सोळाशे बारच्या आणि काहींत त्याहूनही जास्त दाबाखाली केसाएवढ्या छिद्रांतून डिझेल फवारले जाते. चारही इंजेक्टर बदलायची वेळ आली तर रिमॅपचा खर्च त्यापुढे किरकोळ वाटतो. त्याआधी बहुधा क्लच बोलतो. 190 न्यूटन मीटरसाठी बनवलेली क्लच प्लेट 240 ला घसरू लागते.

सगळेच रिमॅप वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गाडीला ताकद मोजणाऱ्या डायनोच्या रोलरवर चढवून, धूर आणि एक्झॉस्टचे तापमान मोजत, दहा-बारा टक्क्यांवर थांबणारे जाणकार आहेत. ते आधी इंजिनाची तब्येत तपासतात आणि थकलेल्या गाडीला सरळ नाही म्हणतात. पण तपासणी न करता, मोबाइलवर आलेली तयार फाइल भरून, दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाडीला पंचवीस टक्के वाढवून देणे हा मालकाच्या जिवाशी आणि पैशांशी खेळ आहे. आणि पेडलला लागणारी छोटी डबी तर ताकद वाढवतच नाही. ती फक्त ॲक्सिलरेटर लवकर दाबल्याचा भास देते.

इथपर्यंत प्रश्न मालकाचा. धुराचा प्रश्न सगळ्यांचा आहे.

बीएस-6 डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ नावाची गाळणी असते. ती काजळी अडवते आणि मधूनमधून तापून तीच काजळी जाळून टाकते. गाडी गावातल्या गावातच फिरली तर हे जळणे पुरे होत नाही, गाळणी चोंदते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. नवी गाळणी महाग. मग आतली जाळी काढून टाकायची आणि ईसीयूला ती असल्याची खोटी समजूत घालायची, असा मार्ग सुचवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. जाळी काढलेल्या गाडीमागे चौकात जो दुचाकीवाला उभा असतो, शाळेची रिक्षा उभी असते, त्यांना हा धूर नाकारता येत नाही. हे कृत्य हौस या नावाखाली खपवून घेऊ नये.

खोट्या समजुती घालणारे फक्त गॅरेजवाले नव्हते, हेही सांगायला हवे. सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगनचे बिंग अमेरिकेत फुटले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारे सॉफ्टवेअर कंपनीनेच गाड्यांत घातले होते. भारतात 3 लाख 23 हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 500 कोटींचा दंड सांगितला. त्याआधी, जुलै 2013 मध्ये, जनरल मोटर्सने 1 लाख 14 हजार टवेरा परत बोलावल्या होत्या, कारण धुराच्या चाचणीत कंपनीच्याच माणसांनी गडबड केली होती. म्हणूनच तपासणी कागदावर नको, संगणकात शिरणारी हवी.

आपली पीयूसी तिथे तोकडी पडते. डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून फक्त धुराची घनता मोजली जाते. डोळ्यांना न दिसणारे नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. ईसीयूतली फाइल मूळ आहे की बदललेली, हे कोणी विचारत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधने आहेत आणि कलम 182-अ नुसार परवानगीबाहेरच्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण जे तपासलेच जात नाही, त्याला दंड कुठून होणार? कॅलिफोर्नियात जुलै 2021 पासून धुराच्या तपासणीतच गाडीचे सॉफ्टवेअर ताडून पाहतात आणि बदललेले आढळले तर गाडी नापास होते. तसे करण्याचे कारण अमेरिकेने पाहिले होते. तिथल्या पर्यावरण खात्याने 2020 मध्ये अंदाज दिला की दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची धूर रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली.

ते सोळा पिनांचे सॉकेट आपल्याकडच्या प्रत्येक बीएस-6 गाडीतही आहे. परिवहन विभागाने पीयूसी केंद्रांना स्कॅनर द्यावेत, कंपन्यांकडून मूळ फाइलचे क्रमांक घ्यावेत आणि सुरुवात एमएच-18 व एमएच-19, म्हणजे धुळे आणि जळगाव, इथून करावी. ज्यांना रीतसर ट्यूनिंग करायचे आहे त्यांच्यासाठी मान्यताप्राप्त तपासणीची वाटही खुली करावी, म्हणजे चांगले काम करणारा चोरासारखा वागणार नाही.

तोपर्यंत जळगाव-धुळ्यात जुनी डिझेल गाडी घेणाऱ्यांना एवढीच विनंती: टायर, रंग आणि किलोमीटर पाहाल, तशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर ईसीयूतली फाइल मूळ आहे का, हेही तपासून घ्या. आणि बयाणा त्यानंतरच द्या.