'वॉव अँड फ्लटर'चा बाजार

मंडळी, टेप इकोची नक्कल करणारं कुठलंही डिजिटल पेडल घ्या, सूर डगमगवायचा नॉब बहुतेक असतोच. लोक तो पूर्ण पिळतात नि म्हणतात, "घ्या, १९६० चा आवाज!"

साफ खोटं! द शॅडोजचं १९६० चं 'अपाची' ऐका. तिथे सूर थरथरतो तो हँक मार्विनच्या ट्रेमोलो आर्मवरच्या हातामुळे. टेपचं डगमगणं कमी व्हावं म्हणून इंजिनिअर मंडळी झटायची, आणि आपण तोच दोष पैसे मोजून विकत घेतोय.

खरी गंमत हेड्सची. टेप सेकंदाला १९ सेंमी धावत असेल, तर ३.८ सेंमी पुढचं प्लेबॅक हेड २०० मिलिसेकंदांनी बोलतं. त्याच्या इटालियन मेआझी यंत्रात अशी अनेक हेड्स होती. दोन-तीन एकदम चालू केली की पडसादांची नक्षी उमटते. साधा डिजिटल डिले मात्र घड्याळासारखा एकसारखे ठोके देत बसतो.

तेव्हा तो नॉब जवळजवळ बंद ठेवा. विषम अंतराचे दोन डिले लावा, पडसादांचा ट्रेबल थोडा कापा. उरलेलं काम बोटांचं. ते कुठल्याच डबीत मिळत नाही.

असो. चिडलेल्यांनी खुशाल भांडावं!