जुलाबानंतर पाय उचलेनात? घरी थांबू नका!

भोर-वेल्हेकरांनो, भातलावणीचे दिवस म्हणजे गढूळ पाण्याचे आणि जुलाबांचेही दिवस. जुलाब थांबतात, पण खाचरात उभं राहायला पाय साथ देत नाहीत. पोटऱ्यांत गोळे येतात, छाती धडधडते. ‘अशक्तपणा आहे, पडून राहा,’ असं म्हणू नका. जुलाब-उलट्यांतून पोटॅशियम वाहून जातं. ते फार खाली गेलं तर हातपाय लुळे पडतात, हृदयाचे ठोके चुकतात, धडधाकट माणूस दगावतो.

आशाताईंकडून ओआरएसच्या पुड्या आजच आणून ठेवा. पहिल्या जुलाबालाच द्या. लिटरची पुडी अख्खी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला, अर्धीमुर्धी नको. मीठ-साखरेच्या पाण्यात पोटॅशियम नसतं, पुडीत असतं.

आता सासूबाईंकडे बघा. ब्लडप्रेशरसाठी किंवा सुजेसाठी लघवीची गोळी चालू आहे? अशा बऱ्याच गोळ्या लघवीवाटे पोटॅशियम बाहेर काढतात. पोट साफ होण्यासाठी रोज जुलाबाचं औषध घेणं, दारू पिऊन उपाशी झोपणं, यानंही ते घटतं. त्यात आषाढी! साबुदाण्यात पोटॅशियम नावालाच. उपास मोडा म्हणत नाही, त्या ऐकणारही नाहीत. रताळं, केळं तरी खाऊ घाला. गोळी मनानं बंद करू नका. जुलाब लागताच डॉक्टरांना विचारा.

आणि ‘डॉक्टर, एक ग्लुकोज लावा’ हा हट्ट सोडा. नुसत्या ग्लुकोजनं पोटॅशियम आणखी खाली जाऊ शकतं. त्यापेक्षा ‘पोटॅशियम तपासायचं का?’ असं विचारा. रक्ताची साधी तपासणी आहे. आकडा ३.५च्या खाली असेल तर कमी. औषध मात्र डॉक्टरांनीच द्यावं. किडनी अधू असेल तर जास्तीचं पोटॅशियमही जिवावर बेततं.

जानेवारी २०२५ आठवा. पानशेतच्या खालच्या अंगाला, किरकटवाडी-नांदेड गावाकडे कितीतरी जणांना आधी जुलाब झाले, मग हातपाय लुळे पडले. तो जीबीएस होता, म्हणजे गुलियन बॅरे सिंड्रोम हा नसांचा आजार. हा जीबीएस की पोटॅशियम घटलं, हा फरक घरात बसून तुम्हाला कळणार नाही, मलाही नाही.

म्हणून पाय उचलेनात, धाप लागली, धडधड थांबेना, तर रात्र बघू नका, पाऊस बघू नका. १०८ फिरवा. धरणाकाठच्या वाडीत गाडी पोचायला वेळ लागतो, तेव्हा शेजाऱ्यांना हाक मारा, माणसाला उचलून डांबरी रस्त्यावर आणा. त्याला चालवू नका. आणि निघताना त्याच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.