सुखीलालाची वही आता कोणाच्या हाती?

कट्टा असो, लोकलचा डबा असो वा लग्नाचा मांडव, मराठी माणूस तीन विषयांवर मत देण्यास सदैव सिद्ध असतो. कोणता चित्रपट चालला, कोणता पुढारी कोणत्या गोटात जाणार आणि या देशाचे पुढे कसे होणार! पहिल्या दोन विषयांतील त्याची माहिती थक्क करणारी असते. चित्रपटाने पहिल्या तीन दिवसांत किती कोटी जमवले, हे त्याला तोंडपाठ असते. तिसऱ्या विषयात सरकारच्या डोक्यावरील कर्जाचा मुद्दा निघाला, की मात्र हाच बोलका नागरिक खांदे उडवून म्हणतो, ‘सरकारला पैशाला काय तोटा? लागतील तेवढे छापतील!’ सहज फेकलेले हे वाक्य वस्तुतः तितके निरुपद्रवी नाही. याच बेफिकिरीच्या भरवशावर राज्यकर्ते आपले हिशेब मांडू लागले आहेत.

कर्ज म्हणजे काय, हे या देशातील सामान्य माणसाला अर्थशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा चित्रपटांनी अधिक शिकवले. १९२५ साली बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यातील नाडलेला तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी उभा केला होता. १९५३ च्या ‘दो बिघा जमीन’मधील शंभूला वाटते, आपले कर्ज पासष्ट रुपयांचे. जमीनदाराची वही सांगते, दोनशे पस्तीस! जमीन वाचवण्यासाठी तो कोलकात्यात हातरिक्षा ओढतो. १९५७ च्या ‘मदर इंडिया’त पाचशे रुपयांच्या कर्जापायी राधाच्या घरचे तीन चतुर्थांश पीक व्याजात जाते. कन्हैयालाल यांनी रंगवलेल्या सुखीलालाचा चेहरा आजही प्रेक्षक विसरलेला नाही.

हा संताप केवळ पडद्यावरचा नव्हता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे भर बाजारात जाळली. त्या उठावाने इंग्रज सरकारला १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा करणे भाग पाडले. कर्जाच्या कागदाविरुद्ध उभे राहण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मग आजचा महाराष्ट्र गप्प का?

कारण चित्रपटाने धडा शिकवला, पण अर्धाच. सावकार दुष्ट म्हणून कर्ज वाईट, एवढेच प्रेक्षकाच्या मनावर ठसले. सरकारी कर्जाला सुखीलालाचा चेहरा नाही, कपाळावर आठ्या नाहीत, हातात वही नाही. उलट ते एखाद्या योजनेचे गोंडस नाव धारण करून, सत्काराचा हार घालूनच दारात येते.

आकडे काय सांगतात? महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरील कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांवर जाईल, असा अंदाज मांडला गेला. माणशी हिशेब केला तर पाळण्यातील बालकाच्या नावावरही सत्तर हजारांहून अधिक रुपये निघतात. त्याच अर्थसंकल्पात राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींची आणि महसुली तूट सुमारे ४६ हजार कोटींची दाखवण्यात आली. साध्या भाषेत सांगायचे, तर काढल्या जाणाऱ्या प्रत्येक तीन रुपयांतील एक रुपया धरणासाठी नाही, रस्त्यासाठी नाही, तर घरखर्चासाठी. केंद्राची कथा निराळी नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाणाऱ्या प्रत्येक रुपयातील वीस पैसे व्याजाचे होते. व्याज भागवण्यासाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला गाव काय म्हणते?

‘कर्जाविना विकास होत नाही,’ हा युक्तिवाद येथे हमखास पुढे येतो. तो खोटा नाही, अपुरा आहे. युतीच्या राजवटीतच दोन मोठी कर्जे उभी राहिली. एकातून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला. २००२ मध्ये तो पूर्णपणे खुला झाला आणि त्यावरील पथकराने स्वतःची परतफेड करू लागला. दुसरे होते १९९६ साली स्थापन झालेल्या कृष्णा खोरे विकास महामंडळाच्या रोख्यांचे. अनेक प्रकल्प अर्धवट राहिले आणि रोख्यांचा भार मात्र राज्याच्या तिजोरीवर आला. काळ तोच, सत्ताही तीच. फरक होता तो पैसा कामी लागला की अडकून पडला, एवढाच. नागरिकाने विचारायचा प्रश्न हाच आहे.

कर्जमाफीचेही तेच. २००८ मध्ये केंद्रातील काँग्रेस आघाडीने, २०१७ मध्ये राज्यातील युतीने आणि २०१९ मध्ये महाविकास आघाडीने ती जाहीर केली. अडलेल्या शेतकऱ्याला हात देणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. परंतु माफीने कर्ज नाहीसे होत नाही, फक्त वही बदलते. बँकेच्या वहीतील आकडा सरकारच्या वहीत उतरतो.

आणि ही वही सुप्याप्रमाणे जाळताही येत नाही. सरकारी रोखे घेतात बँका, आयुर्विमा महामंडळ आणि भविष्यनिर्वाह निधी. त्यांत ठेव असते ती शिक्षकाची, गिरणीतून निवृत्त झालेल्या कामगाराची, विमा उतरवणाऱ्या गृहिणीची. ऋणको नागरिक आणि धनकोही नागरिकच! ‘पैसे छापतील’ म्हणणाऱ्याने ध्यानात घ्यावे, की बेसुमार छापलेली नोट प्रथम त्याच्याच ठेवीचे मोल खाते.

२००३ साली अटलजींच्या सरकारने वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा केला. महसुली तूट शून्यावर आणण्याचे व्रत त्यात होते. पुढील सरकारांनी ती मुदत वारंवार लांबवली आणि २०१८ च्या दुरुस्तीने ते लक्ष्यच कायद्यातून गेले. त्या वर्षी कोणत्या कट्ट्यावर त्याची चर्चा झाली? विरोधकांचे सरकार असताना कर्जाचा आकडा मोजायचा आणि आवडते सरकार आले की त्याच आकड्याला विकास म्हणायचे, ही राष्ट्रभक्ती नव्हे. ती प्रेक्षकाची वृत्ती होय. नायक आपला असला, की त्याचे सारे गुन्हे माफ!

चित्रपटाला तीन तासांनी शेवट असतो. कर्जाला नसतो. त्याची मुदत भरते तेव्हा सही करणारा मंत्री सत्तेत नसतो, टाळ्या वाजवणारा मतदार वृद्ध झालेला असतो आणि हप्ता भरायला उभी असते ती आज पाळण्यात असलेली पिढी. सुखीलालाच्या वहीवर राधाच्या सासूने अंगठा उठवला, कारण तिला वाचता येत नव्हते. आजच्या साक्षर मतदाराला ही सबब नाही.